सिरपूरचा तलाव फक्त थंडीतच का बघायचा?

इंदूरात पक्षी बघायचे म्हटलं की सगळे डिसेंबर-जानेवारीतच सिरपूरला जातात, जावंच, पण माझं स्पष्ट मत आहे की हा तलाव बारा महिने बघायचा आहे. धार रोडवर, गावाला अगदी लागून, होळकरांच्या काळातला. मध्यंतरी त्याची पार वाट लागली होती. पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्यासोबतची मंडळी वर्षानुवर्षं मागे लागली म्हणून तो वाचला आणि 2022 मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला, इंदूरकरांनी हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

थंडीत गर्दी बदकांची आणि इतर पाणपक्ष्यांची. तलवार बदक, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि माझे लाडके थापट्या बदक! यांची चोच पुढे चमच्यासारखी पसरट, आतल्या कडेला कंगव्यासारखे बारीक दाते. घोळक्याने गोल गोल पोहत राहतात, त्याने खालचं खाणं ढवळून वर येतं, मग चोच पाण्याला लावून फरर्र करत गाळून घेतात. दुर्बिणीतून हे बघत बसलं की पोहे खायचं पण भान राहात नाही.

मार्चपासून ही मंडळी उत्तरेकडे निघतात आणि लोकांचं येणंही थांबतं. पण पाणी उतरलं की काठच्या चिखलात लांब गुलाबी पायांचे शेकाटे फिरायला लागतात, चित्रबलाकही दिसतात. ऊन फार, सकाळी आठच्या आत परत निघायचं.

आणि पावसाळा! ऑगस्टमध्ये रामबागेतल्या मावशीला घेऊन गेलो होतो. पानांवर कमळपक्षी, मानेमागे सोनेरी पट्टा, लांब वळलेली काळी शेपटी, ही शेपटी फक्त विणीच्या हंगामात असते, थंडीत येणाऱ्याला दिसतच नाही. पायाची बोटं एवढी लांब की वजन पसरतं आणि पान बुडत नाही. एकजण अंड्यांवर बसला होता, चकचकीत तपकिरी अंडी, साधारण चार असतात.

"आई आहे ना रे ती?"
"नाही गं मावशी, बाप. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं तोच करतो."
"अगोबाई, आणि आई?"
"ती दुसऱ्या नराबरोबर नवीन घरटं मांडते."
मावशी इतकी हसली की बाजूचा बगळा उडाला. मग अर्धा तास दुर्बीण माझ्या हाती आलीच नाही.

सारस बघायचे असतील तर हातोदकडे यशवंतसागर गाठा, गंभीर नदीवरचा जलाशय, तोही 2022 पासून रामसरमध्ये. माणसाएवढा उंच पक्षी, पावसाळ्यात उथळ पाण्यात, कधी शेतातच घरटं घालतो, म्हणून फोटोसाठी जवळ जाऊ नका, बांधावरूनच बघा आणि शेतकऱ्याला विचारल्याशिवाय शेतात उतरू नका. रस्ता पावसात चिखलाचा असतो, गाडी लांबच लावा, गमबूट घाला.