गाडीच्या कपाळावरचा आकडा

आमच्या इंदूरात बसचा नंबर विचारणारा माणूस विरळाच. थांब्यावरचे लोक वाहकाकडे पाहून ‘राजवाडा?’ किंवा ‘सरवटे?’ एवढेच विचारतात आणि त्याने मान हलवली की चढतात. २०१३ च्या मे महिन्यात सुरू झालेली आयबस तर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक अशी ए. बी. रोडवर सरळ धावत असे, त्यामुळे तिचे नावच पुरेसे होते. आकड्याची गरज भासते ती रस्ते फुटू लागले म्हणजे.

हे मला लहानपणी दादरला मावशीकडे उमगले. बेस्टच्या आकड्यांना एक ढोबळ शिस्त आहे: दोनशेच्या घरातल्या गाड्या बहुतेक पश्चिम उपनगरांतल्या, तीनशेच्या घरातल्या पूर्व उपनगरांतल्या, चारशेच्या घरातल्या या दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आणि पाचशेच्या नवी मुंबईकडच्या. अपवाद पुष्कळ आहेत, तरी मावशी आकडा पाहताच गाडी कोणत्या अंगाला जाणार ते सांगे. तिच्या सासूबाईंना इंग्रजी आकडे ओळखता येत नसत. पण गाडीच्या समोरची पाटी देवनागरीत असल्यामुळे त्या एकट्या राणीच्या बागेपर्यंत जाऊन येत. देवनागरी आकड्याची ती किंमत मी कधी विसरलो नाही.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल, तिने मात्र ही कल्पना शेवटापर्यंत नेली. १ जुलै २००४ रोजी तिथली सगळी बसव्यवस्था बदलली, तेव्हा शहराचे ० ते ७ असे विभाग पाडण्यात आले आणि निळ्या, म्हणजे मुख्य मार्गावरच्या गाडीला तीन आकडे मिळाले. पहिला आकडा गाडी निघते त्या विभागाचा, दुसरा ती पोहोचते त्या विभागाचा आणि तिसरा केवळ क्रमाचा. १४३ ही पाटी दिसली की गाडी उत्तरेकडच्या १ या विभागातून नदीपलीकडच्या ४ या विभागात जाते, हे वाटेतल्या एकाही थांब्याचे नाव माहीत नसताना कळते. हिरव्या गाड्यांना चार आकडे असतात, त्यांतही पहिले दोन विभागांचेच. मला याहून सुंदर व्यवस्था ठाऊक नाही.

अडचण होते ती शेपटीच्या अक्षराने. लंडनमध्ये १९२४ साली पोलिसांनी मार्गांची नवी आखणी केली, तेव्हा मूळ मार्गाच्या अर्ध्यावरून परतणाऱ्या किंवा फाट्याने वळणाऱ्या गाड्यांच्या आकड्याला अक्षर जोडले गेले. आपल्याकडेही तसेच चालते. बंगळूरूत बाहेरच्या रिंग रोडवर पाचशेच्या आकड्यामागे कितीतरी अक्षरे लागलेली दिसतात. रोजच्या प्रवाशाला ती पाठ असतात, परक्याला नाही. एका परक्या शहरात रात्री नऊ वाजता आईला घेऊन मी अशाच गाडीत बसलो. आकडा बरोबर होता, त्यामागचे बोटभर अक्षर मला दिसलेच नव्हते, आणि अर्ध्या वाटेवर गाडी आगारात वळली. गुडघे धरून आई तिथल्या कठड्यावर बसली होती.

म्हणून इंदूरात पहिला आकडा दिशेचाच असावा, असे मला मनापासून वाटते: ए. बी. रोडच्या गाड्यांना एक शतक, रिंग रोडच्या गाड्यांना दुसरे, महूकडे जाणाऱ्यांना तिसरे. अर्ध्यावरून परतणाऱ्या गाडीला अक्षर न जोडता वेगळाच आकडा द्यावा, आणि समोरच्या पाटीवर तो देवनागरीत, आईला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढा मोठा लिहावा.