बेगमपेटची शाळा आणि परत हातात दिलेला चेंडू

मी नववीला गणित शिकवते. पालक सभेत एखादे तरी बाबा विचारतातच, "मॅडम, हा पुढे काही करेल ना?" तेव्हा मला हमखास हैदराबाद पब्लिक स्कूल आठवतं.

1923 साली जहागीरदारांच्या मुलांसाठी सुरू झालेली बेगमपेटची ही शाळा. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला, अ‍ॅडोबीचे शंतनू नारायण, मास्टरकार्ड सांभाळून 2023 मध्ये जागतिक बँकेचे अध्यक्ष झालेले अजय बंगा, कॅनडात फेअरफॅक्स ही विमा आणि गुंतवणूक कंपनी उभी करणारे प्रेम वत्स, हे सगळे तिचेच विद्यार्थी. यादी मोठी आहे, पण माझा जीव अडकतो तो एका क्रिकेट सामन्यात.

नाडेलांनी स्वतः सांगितलेली आठवण आहे. शाळेच्या संघात ते ऑफस्पिन टाकायचे. एकदा गोलंदाजी अगदीच साधारण पडत होती, तेव्हा कर्णधाराने चेंडू स्वतःकडे घेतला, विकेट काढली आणि पुढच्या षटकाला चेंडू पुन्हा नाडेलांच्या हातात दिला. नंतर त्यांनाही विकेट मिळाल्या. कर्णधाराने असं का केलं असेल, याचा विचार ते पुढे कित्येक वर्षं करत राहिले.

तो कर्णधारही शाळकरी पोरगाच होता, हे मला फार मोठं वाटतं.

आणि हो, नाडेला आयआयटीची प्रवेश परीक्षा पास झाले नव्हते. ते मणिपालला शिकले. हे मी त्या बाबांना आवर्जून सांगते. मग मुलाची वही उघडते आणि त्याने स्वतःच्या रीतीने सोडवलेलं एखादं गणित दाखवते.