शांत आणि टिकाऊ हार्ड डिस्क: निवड, बसवणी आणि तपासणी

क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये डिस्कची स्थिती निळ्याची पिवळी झाली की लगेच खरेदीला न धावता आधी आकडे वाचावेत. ते तिथे मुळात हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) दिसतात, सेटिंगमधून दशमान करून घ्यावेत. माझ्या जुन्या २ टीबी डिस्कचे ०५ (बदललेले सेक्टर, म्हणजे डेटा ठेवण्याचे छोटे कप्पे) आणि सी५ (वाचता न येणारे, निकाल न लागलेले सेक्टर) हे दोन्ही आकडे वाढतच चालले होते. अशी डिस्क बदलायलाच हवी. एकटा सी७ (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असता, तर बहुधा साटा केबल बदलून भागलं असतं.

अशा डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवू नका. दुरुस्तीच्या नादात ती आणखी राबते आणि उरलासुरला डेटाही जाऊ शकतो. मी आधी फोटो आणि कागदपत्रं काढून घेतली, मग बाकीचं. कॉपी मध्येच अडत असेल तर लिनक्समधलं डीडीरेस्क्यू वापरावं. ते अडलेला भाग सोडून पुढे जातं आणि शेवटी मागे येऊन पुन्हा प्रयत्न करतं.

आता आवाज. डिस्क दोन प्रकारे आवाज करते: तबकड्या फिरण्याची गुणगुण आणि हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) हलण्याची कटकट. ७२०० आरपीएमची (मिनिटाला ७२०० फेरे) डिस्क सेकंदाला १२० फेरे घेते, ५४०० ची ९०. ५४०० चं कंपन सौम्य असतं आणि कानाला कमी जाणवतं. चित्रपट, फोटो, बॅकअप यांसाठी तेवढा वेग पुरतो. विंडोज एसएसडीवरच असावी. मात्र खोक्यावरच्या शब्दांवर विसंबू नका. '५४०० आरपीएम क्लास' असं छापलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात ७२०० ने फिरतात, हे २०२० मध्ये उघड झालं. फोनवरच्या, आवाजातल्या कंपनसंख्या रेघांनी दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम अ‍ॅपने हे घरी पडताळता येतं: फोन कॅबिनेटला टेकवून ठेवा आणि उंच रेघ ९० हर्ट्झला आहे की १२० ला, ते बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे १०० ला एक रेघ दिसू शकते. ती वीजपुरवठ्याची, डिस्कची नव्हे.

कमी आवाजानंतरची दुसरी अट सीएमआर, म्हणजे ट्रॅक (डेटाच्या ओळी) शेजारी-शेजारी, एकमेकांवर न चढवता लिहिणारी डिस्क. एसएमआर डिस्कमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात, म्हणून एक ओळ बदलायची तर शेजारच्या ओळीही पुन्हा लिहाव्या लागतात. लिहिण्याचा वेग कोसळतो तो यामुळेच. शिवाय संगणक रिकामा असताना डिस्क आतल्या आत आवराआवर करत राहते, म्हणजे रात्री शांतता हवी तेव्हाच कटकट. वेस्टर्न डिजिटलच्या साध्या 'रेड'मध्ये २ ते ६ टीबीला एसएमआर असल्याचं २०२० मध्येच बाहेर आलं, त्यानंतर सीएमआर डिस्कसाठी 'रेड प्लस' हे वेगळं नाव आलं. सीगेटच्या 'बॅराकुडा'तही २, ४ आणि ८ टीबीची एसएमआर मॉडेलं आहेत. पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीचं डेटाशीट उघडा. सीएमआर की एसएमआर आणि आवाजाचे डेसिबल, दोन्ही तिथे सापडतात.

४ टीबीमध्ये माझ्यापुढे वेस्टर्न डिजिटलची 'रेड प्लस' आणि सीगेटची 'आयर्नवुल्फ' उरल्या. दोन्ही सीएमआर, दोन्ही ५४०० च्या. मी 'रेड प्लस' घेतली. याहून मोठी घ्यायची असेल तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या: वेस्टर्न डिजिटलच्या मोठ्या क्षमतेच्या काही डिस्क रिकाम्या वेळीही दर ५ सेकंदांनी हलकं 'टक्' करतात. तो बिघाड नाही, पण झोपायच्या खोलीत नकोसा होतो.

दुकानात पैसे देण्याआधी सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी बघावी. ग्रे मार्केटचा (अधिकृत वितरकाकडून न आलेला) माल इथेच पकडला जातो. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क वापराच्या तासांची नोंद शून्य करून नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. सीगेटमध्ये 'फार्म' नावाची वेगळी नोंद असते. स्मार्टसीटीएल (डिस्कच्या नोंदी वाचणारं साधन) ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीने ती वाचून तिच्यातले आणि नेहमीच्या नोंदीतले तास जुळतात का ते बघा.

डेटा टाकण्याआधी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) बॅडब्लॉक्स हे खराब सेक्टर शोधणारं साधन लिहिण्याच्या पर्यायासह चालवावं. हा पर्याय डिस्कवरचं सगळं पुसतो, म्हणून कोणती डिस्क निवडली ते दोनदा बघा. चार नमुने लिहून प्रत्येक परत वाचायचा, म्हणजे आठ फेऱ्या. सरासरी सेकंदाला १५० एमबी वेग धरला तर ४ टीबीला साधारण ६० तास. त्यानंतर ०५, सी५, सी६ (दुरुस्त न होणारे सेक्टर) तिन्ही शून्य हवेत. एक जरी वाढला तर डिस्क परत करावी, म्हणून तोवर खोकं आणि अँटिस्टॅटिक पिशवी टाकू नये.

बसवणीत निम्मी शांतता आहे. पत्र्याला थेट आवळलेली डिस्क सगळं कॅबिनेट घुमवते. रबरी ग्रोमेटमधून जाणारे लांब स्क्रू वापरा, रबर चेपून चपटं होईल इतके आवळू नका. साडेतीन इंची डिस्कला ६-३२ आट्यांचे स्क्रू लागतात, एम३ त्यात ढिले बसतात. फोममध्ये गुंडाळणं मात्र टाळा, उन्हाळ्यात उष्णता बाहेर पडत नाही. समोर १२० मिमीचा पंखा हळू चालू ठेवून मी तापमान ४५ अंशांच्या खाली राखतो.

२ टीबीच्या पुढे पार्टिशन (डिस्कची विभागणी) जीपीटी पद्धतीनेच करावं, एमबीआर या जुन्या पद्धतीत उरलेली जागा वापरताच येत नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये डिस्क २० मिनिटांनी बंद व्हायची वेळ असते. ती मी शून्य (म्हणजे कधीच बंद नाही) केली, कारण दिवसभर थांबून पुन्हा सुरू होण्याचा आवाज सलग गुणगुणीपेक्षा जास्त खटकतो आणि मोटरवरही ताण येतो.