इंजिन नंतर, आधी पत्रा बघा : गंजलेली पद्मिनी उभी करतानाचा माझा अनुभव

जुनी गाडी उभी करतोय म्हटलं की लोक एकच विचारतात, चालू झाली का? शेजारचे काका, ऑफिसातले, बायकोचा भाऊ, सगळे तेच. पण पद्मिनीचं इंजिन हा या कामातला त्यातल्या त्यात सरळ भाग आहे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्युटर, संपलं. ना सेन्सर ना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर). आमच्या कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बोअरिंगवाला, क्रँक ग्राइंडिंगवाला, लेथवाला सगळे हाकेच्या अंतरावर आहेत, पैसे टाकले की काम होतं. खरा घोळ पत्र्याचा. या गाडीला जीप किंवा ट्रकसारखी खाली वेगळी चेसिस नाही, जो पत्रा दिसतो तोच सांगाडा, त्यामुळे दाराखालचा पत्रा सडला की गाडी नुसती वाईट दिसते असं नाही, ती मधून वाकायला लागते. पहिल्यांदाच असला उद्योग करणाऱ्याने गाडी बघायला जायच्या आधी एवढं डोक्यात ठेवावं.

माझी गाडी १९८१ ची, मामांची. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आधी फियाट ११०० डिलाइट म्हणून निघायची तीच ही, १९७४ पासून नाव पद्मिनी झालं, पण आमच्या घरात तिला कुणी पद्मिनी म्हटल्याचं मला आठवत नाही, फियाटच. मामा मालवणचे, आणि तिथेच प्रॉब्लेम. कोल्हापूर-सांगलीकडे उभी राहिलेली गाडी वरून गंजते, किनाऱ्यावरची आतून. खारी हवा, चार महिने पाऊस, वर नारळाच्या झावळ्यांची शेड आणि खाली शेणाने सारवलेली जमीन. मामी म्हणाली, "ने रे बाबा ती एकदाची, कोंबड्यो अंडी घालतत तेच्यात." फ्लॅटबेडवर टाकून फोंडा घाटाने वर आणली, राधानगरीपर्यंत मागची एक चाकटोपी आणि बंपरचा एक तुकडा गळून गेला होता.

बाय द वे, मी गप्पांमध्ये तिला व्हिंटेज म्हणतो पण सरकारच्या हिशोबाने ती नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूप न बदललेली गाडीच व्हिंटेज, तिला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, आणि मग ती रोजच्या वापराला चालवता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरती. म्हणजे माझी व्हिंटेज नाही हे एका अर्थी बरंच आहे, मला तिच्यातून भाजी आणायची आहे.

आता गंज शोधायचा कसा. साधं चुंबक फडक्यात गुंडाळायचं आणि गाडीभर फिरवायचं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (खड्डे-भोकं बुजवायची पुटी) आहे. आमच्या गाडीच्या मागच्या चाकावरच्या कमानीत चुंबक वीतभर जागेत कुठेच धरेना, म्हणजे कधीतरी कुण्या डेंटरने भोक बुजवायला लांबी थापली होती आणि वर रंग मारला होता. दुसरं हत्यार जुना स्क्रूड्रायव्हर. दाराखालचा उंबरा, जॅक लावायची जागा, स्टेपनी बसते तो खड्डा, बॅटरीचा ट्रे (तिथे अॅसिड सांडून सांडून पत्रा बिस्किटासारखा झालेला असतो), पुढच्या काचेच्या रबराखालची पट्टी, आणि दारांचा खालचा काठ, इथे इथे टोचून बघायचं. दारात पाणी जाणारच, त्यासाठी खाली बारीक भोकं ठेवलेली असतात, ती माती आणि पाल्याने तुंबली की पाणी आतच राहतं आणि दार खालून वर सडत येतं. रबर मॅटच्या खाली तागाचा थर होता, तो ओला राहून राहून त्याने फ्लोअर खाल्ला होता. मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालून आमच्या अंगणातली फरशी दिसली. बायको म्हणाली ब्रेक नाही लागला तर पाय टेकवता येतील.

पत्र्यासाठी दोन-तीन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. आजकालच्या डेंटरला पॅनल बदलायची सवय, पत्रा कापून नवा घडवायचं काम कमी जणांकडे उरलंय. शेवटी गांधीनगर रोडच्या बाजूला एक वयस्क मिस्त्री मिळाले, तरुणपणी मुंबईत टॅक्सीच्या फियाटी जोडलेल्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, इंजिनाचं झाकण उघडलंसुद्धा नाही आणि म्हणाले, "पाव्हणं, आधी दारं सांभाळा, मग बाकीचं."

याचा अर्थ मला नंतर कळला. उंबरा कापला की दाराच्या चौकटीला खालून आधारच राहत नाही, गाडी मधोमध खचते, आणि तशीच वेल्डिंग केली की नवीन उंबरा वाकडा बसतो आणि दार जन्मात नीट लागत नाही. म्हणून कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आतून लोखंडी नळ्या तिरक्या टाकून वेल्ड करायच्या, गाडी जॅकवर नाही तर सस्पेन्शनच्या जागी पक्क्या स्टँडवर ठेवायची, एका वेळी एकच बाजू कापायची, आणि दर थोड्या वेळाने दार लावून फट बघायची. मिस्त्री फट बघायला पट्टी वापरत नव्हते, पोस्टकार्ड सरकवायचे. मला वाटलं गंमत करतायत, पण फट दोन टोकांना सारखी आहे का हे खरंच लगेच कळतं.

पत्रा सीआरसी (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) घेतला, फ्लोअर आणि उंबऱ्याला १८ गेज, बाहेरच्या तुकड्यांना २० गेज (गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, दुकानात गोंधळू नका). वेल्डिंग सीओटूने (कार्बन डायऑक्साइड सोडत तारेने करतात ते विजेवरचं वेल्डिंग). मिस्त्रींचा हात गॅस वेल्डिंगवर बसलेला, पण गॅसने पातळ पत्रा फार तापतो आणि बाहेरचं पॅनल लाटांसारखं होतं, मग परत लांबी. सीओटूनेही सलग ओढायचं नाही, इथे एक टाका, हातभर लांब दुसरा, मग मधे, थंड होऊ देत. कंटाळवाणं काम आहे. मी ग्राइंडर आणि वायर ब्रश घेऊन घासायचं काम माझ्याकडे घेतलं, त्यात मजुरी वाचते आणि गाडी कुठे किती सडलीय ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. गॉगल आणि मास्क लावाच, ब्रशच्या तारा तुटून उडतात आणि अंगात घुसतात.

सँडब्लास्टिंग करून टाक असं सगळे सांगत होते. जाड भागांना उत्तम आहे, रिम, सस्पेन्शनचे आर्म, ब्रॅकेट मी तसेच साफ करून घेतले. पण बॉनेट, छत, दारं यांच्या पातळ पत्र्यावर जोरात मारलं की पत्रा ताणला जातो, तो परत सरळ होत नाही. तिथे घासणं आणि फॉस्फोरिक अॅसिडवालं गंज कन्व्हर्टर. ते लावलं की उरलासुरला गंज काळा पडतो. पण ते वरवरच्या गंजालाच, पापुद्रे सुटलेल्या पत्र्यावर लावून उपयोग शून्य, तो कापायचाच.

आणि पावसाळ्याचं काय? कोल्हापूरच्या जुलैत उघडा पत्रा रात्रभर ठेवला की सकाळी तांबूस झालेला असतो. त्यामुळे सगळी गाडी एकदम उघडी करायची नाही असं ठरवलं, जेवढा भाग त्या दिवशी घासला तेवढ्याला संध्याकाळच्या आत प्रायमर. प्रायमर इपॉक्सी. रेड ऑक्साइड स्वस्त पडतो आणि सगळीकडे तोच मारतात, पण तो ओलावा पूर्ण अडवत नाही, वर रंग चढेपर्यंत खाली परत सुरू. जोडांवर सीम सीलर, आणि उंबऱ्याच्या पोकळीत आतून मेण फवारलं. मिस्त्रींचं मत जळकं ऑइल ओता, फुकट आणि चालतं. चालतं, पण सहा महिने घराच्या फरशीवर ठिपके कोण पुसणार.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. जाम होतं. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल आणि गिअर ट्रान्समिशनचं पातळ ऑइल मिसळून ओतलं, बरेच दिवस मुरू दिलं, मग पुढून हँडल घालून जोर न करता हलवत राहिलो आणि एके दिवशी सुटलं. या गाड्यांना हँडल मारायची सोय आहे याचा इतका आनंद मला आधी कधी झाला नव्हता. पण बोअरमध्ये (पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्यात) गंजाची कडी पडलेली, त्यामुळे उघडणं आलंच. हेड अॅल्युमिनियमचं आणि स्टड लोखंडाचे, दोन्ही एकमेकांना धरून बसलेले, ते सोडवायलाच सगळ्यात वेळ गेला. मूळ बोअर ६८ मिलिमीटर, तो पुढच्या साइजला वाढवून नवे पिस्टन, हेड फेसिंग, क्रँक ग्राइंडिंग. व्हॉल्व्ह सीटसुद्धा कडक धातूच्या बसवून घेतल्या, कारण गाडी शिसेवाल्या पेट्रोलच्या जमान्यातली (शिसं सीटची झीज अडवायचं) आणि ते पेट्रोल आपल्याकडे २००० सालीच बंद झालं. आताच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, त्यामुळे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे टाकले. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत अर्धवट पेट्रोल ठेवत नाही, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते. टाकीला भोक असेल तर कुणी कितीही सांगितलं तरी तशीच वेल्ड करू देऊ नका, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त भडकते.

ब्रेक मात्र इंजिन सुरू करायच्या आधी करा. चारही चाकांना ड्रम, आणि आमचे सगळे व्हील सिलिंडर जाम. होज पाइप वरून ठणठणीत दिसत होते पण आतून फुगून बंद, पायडल दाबलं तर ब्रेक लागायचा आणि सुटायचाच नाही. रबरं, होज, मास्टर सिलिंडरचं किट सगळं नवीन. पार्ट मिळतात अजून, काही पुण्यात नाना पेठेत, काही कुर्ल्याच्या सीएसटी रोडला. पण तिथला दुकानदार म्हणाला जे आहे ते घेऊन जा, आता नवीन माल कोण बनवणार. ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची काळी-पिवळी फियाट रस्त्यावरून गेली, आणि या पार्टचं खरं गिऱ्हाईक तेच टॅक्सीवाले होते. किंगपिनचे (पुढची चाकं ज्या खिळीवर वळतात ती) दोन सेट म्हणून मी तेव्हाच उचलून ठेवले.

रंग मूळचाच, फिक्कट निळा. मित्रांना काळी-पिवळी हवी होती, मी ऐकलं नाही. रंग झाल्यावर ब्रेक ऑइलची बाटली गाडीपासून लांब ठेवा, एक थेंब पडला की रंग उकलतो.

कागदपत्रांबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. चेसिस नंबर ज्या पत्र्यावर असतो तो पत्रा सडका असला तरी डेंटरला हात लावू देऊ नका, आरटीओला त्याचा पेन्सिल छाप लागतो आणि नंबर गेला की गाडी कागदावर गेलीच. मी तिथे चिकटपट्टी लावून वर लिहूनच ठेवलं होतं, हात लावू नये. आरसीची मुदत कधीच संपलेली, त्यामुळे नूतनीकरणाचा फॉर्म २५, आणि नावावर करायला २९ आणि ३०, वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० झालेली, माझं काम झालं तेव्हा तीच होती. नंबर मात्र जुनाच राहिला, एमएच यायच्या आधीचा तीन अक्षरांचा, आणि टोलनाक्यावरची पोरं तो वाचून हसतात.

अजून बाकी आहे. पेट्रोलचा काटा मनाला येईल ते दाखवतो, आणि पुढच्या त्रिकोणी काचेचं रबर जे मिळालं ते किंचित जाड आहे, जोराच्या पावसात डावीकडून पाणी आत येतं. ते दारात उतरतं, म्हणून दर पावसानंतर खालची भोकं तारेने मोकळी करतो. मूळ मापाचं रबर कुणाकडे पडून असेल तर दोन्ही बाजूंचं घेईन, जुनं असलं तरी चालेल.