वरूड ते पॅरिस : कॅफेतलं फुकट वायफाय आणि घरचा फोन

आमच्या वरूड-मोर्शी भागातली पोरं आता शिकायला जर्मनीत जातात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, त्यामुळं संत्रा-कपाशीवाल्या घरांनाही ते झेपतं. मग मागोमाग भेटायला आईबाप निघतात. आम्ही दोघं नवरा-बायको असेच मुलीकडं जर्मनीतल्या माइन्झला जाऊन आलो आणि तिथून कोलोन व पॅरिस केलं. परत आल्यापासून सोयऱ्याधायऱ्यांचा एकच प्रश्न असतो : तिकडं इंटरनेटचं कसं भागवलं? पुढच्यांना उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितो.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. कॅफेतल्या आणि चौकातल्या फुकट वायफायवर महिना निघू शकतो, पण ते वायफाय फक्त घरी बोलायला आणि फोटो बघायला ठेवायचं. रस्ता, तिकीट, पत्ता, भाषा यांची सोय फोनमध्ये घरूनच भरून न्यायची. भर रस्त्यात वाट चुकल्यावर जो वायफाय शोधत फिरतो, त्याचे हाल होतात. ज्याला दिवसातून दोनदा आईचा आवाज ऐकायचा आहे, त्याला युरोपातल्या कुठल्याही शहरात अडचण येत नाही.

तर आधी घरची तयारी. गूगल मॅप्समध्ये जायच्या प्रत्येक शहराचा नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून घ्या. फोनचं जीपीएस उपग्रहावरून चालतं, त्याला इंटरनेट लागत नाही, त्यामुळं निळा ठिपका तुम्ही कुठं आहात ते बरोबर दाखवत राहतो. गूगल ट्रान्सलेटमध्ये जर्मन आणि फ्रेंच उतरवून घ्या. मग कॅमेरा पाटीवर किंवा मेन्यूवर धरला की अर्थ कळतो. शाकाहारी माणसाला याचा फार आधार आहे. व्हिसा, विमा, हॉटेल, रेल्वेची तिकिटं पीडीएफ करून फोनमध्ये ठेवा आणि एक एक कागदी प्रतही बॅगेत टाका.

दुसरी गोष्ट ओटीपीची. बँकेचा एसएमएस परदेशात मिळायचा असेल तर आपल्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असावं लागतं. कंपनीच्या दुकानात जाऊन हे निघण्याआधी करून घ्या, एसएमएस येण्याला पैसे पडतात का तेही तिथंच विचारा. नंतर फोनच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग मात्र बंद करून टाका, नाहीतर फोन आपोआप इंटरनेट ओढत राहतो आणि बिल चढतं. व्हॉट्सॲप आपल्या जुन्याच नंबरवर वायफायनं चालतं. तिकडचं सिम टाकलं आणि व्हॉट्सॲपनं ‘नंबर बदलायचा का’ विचारलं तर नाही म्हणा. घरच्यांकडं तुमचा जुनाच नंबर आहे.

आम्ही नागपूरहून दोहामार्गे गेलो. दोहाच्या विमानतळावर वायफाय फुकट आहे आणि फ्रँकफर्टच्याही. दोन्ही ठिकाणी ‘पोचलो’ एवढा निरोप टाकायला अडचण आली नाही. फ्रँकफर्ट विमानतळावरून माइन्झला थेट लोकल जाते. तिकीट यंत्रातून काढायचं असतं, ते वायफाय असतानाच मुलीला विचारून उरकलं.

आता कॅफे. आपल्याकडं बडनेरा, वर्धा, नागपूर स्टेशनवर रेलवायर वापरलेल्यांना सवय असते : नंबर टाका, ओटीपी टाका, अर्धा तास फुकट. तिकडच्या कॅफेत साधारण दोन प्रकार दिसतात. लहान, मालक स्वतः उभा असलेल्या कॅफेत पासवर्ड असतो. तो बिलावर छापलेला असतो, नाहीतर काउंटरमागच्या फळीवर खडूनं लिहिलेला. दिसला नाही तर विचारायचं, कुणी वाईट मानत नाही. जर्मनीत वायफायला ‘वे-लान’ म्हणतात आणि पाटीवर ते WLAN असं लिहिलेलं असतं, तेवढा शब्द ओळखून ठेवा. मॅकडोनाल्ड्स, स्टारबक्ससारख्या साखळी दुकानांत पासवर्ड नसतो. जोडल्यावर एक पान उघडतं, त्यातल्या अटी मान्य करून बटण दाबलं की झालं.

हे पान उघडलंच नाही तर लोक वैतागून उठून जातात. त्याआधी दोन गोष्टी करून बघा. फोनमध्ये व्हीपीएन किंवा ‘प्रायव्हेट डीएनएस’ (इंटरनेट वेगळ्या वाटेनं नेणाऱ्या सोयी, सेटिंगमध्ये सापडतात) सुरू असेल तर बंद करा. मग ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम (neverssl.com) टाका. ही साइट मुद्दाम साध्या, कुलूप नसलेल्या पद्धतीनं ठेवली आहे, त्यामुळं कॅफेचं वायफाय तिला अडवून स्वतःचं लॉगिनचं पान पुढं करतं. माझ्या फोनला हा उपाय दरवेळी लागू पडला.

काही ठिकाणी मात्र तिथल्याच देशाचा मोबाइल नंबर मागतात. एका दुकानाच्या दारावर वायफायची मोठी पाटी होती, आम्ही कॉफी घेऊन बसलो, आणि आत त्या पानावर भारताचा ९१ टाकायची सोयच नव्हती. कॉफीचे पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून आम्ही उभ्याउभ्याच फोन जोडून बघायचो आणि चाललं तरच मागवायचो. कॉफी तीन-चार युरोला पडते, म्हणजे आपले तीनशेच्या वर रुपये. कास्तकाराच्या खिशाला हा हिशोब ठेवावाच लागतो.

जर्मनीत जुन्या, घरगुती कॅफेंत वायफाय नसण्याचं प्रमाण मला जास्त वाटलं. मुलीनं त्यामागचं कारण सांगितलं. पूर्वी तिथं असा कायदा लागू होता की गिऱ्हाइकानं दुकानाच्या वायफायवरून चोरून सिनेमा उतरवला तर वकिलाची नोटीस दुकानदाराला यायची. २०१७ साली कायदा बदलला आणि ही जबाबदारी दुकानदारावरून काढली. तोवर पुष्कळांनी वायफाय ठेवायचंच नाही असं ठरवलेलं होतं. म्हणून जर्मनीत कॅफेच्या आधी ग्रंथालय गाठावं असा माझा सल्ला आहे. शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयात बसायला खुर्ची असते, स्वच्छ संडास असतो आणि काही विकत घ्यावं लागत नाही. वायफायला पासवर्ड असेल तर काउंटरवर पाहुण्यासाठी मागून बघा. फक्त आत बोलता येत नाही, त्यामुळं निरोप आणि फोटो तिथं, बोलणं बाहेर. रविवारी मात्र दुकानं बंद आणि बहुतेक ग्रंथालयंही बंद. त्या दिवशी सकाळी उघडी असलेली बेकरी किंवा रेल्वे स्टेशन हाच आधार.

युरोपियन युनियननं गावोगावच्या नगरपालिकांना पैसे देऊन चौकांत, बागांत वायफाय बसवलं आहे. त्याचं नाव सगळीकडं एकच : वायफाय-फोर-ईयू (WiFi4EU). लहान गावांतही ते दिसतं, आपल्या यादीत शोधत राहा. जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्यांतही वायफाय फुकट असतं. व्हॉट्सॲपला ठीक आहे, बोगद्यात तुटतं, व्हिडिओ कॉलच्या भरवशावर राहू नका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. वायफाय दोन टोकांना लागतं. आपण कॅफेत बसून कितीही चांगलं जोडलं, तरी गावाकडं लाईन गेली की टॉवरची बॅटरी बसते आणि रेंज जाते. आमच्या घरात तर फोन गच्चीवर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यातच लागतो. म्हणून तिकडच्या कॅफेची वेळ गावच्या घड्याळाला बांधायची. उन्हाळी वेळ असताना (उन्हाळ्यात तिकडं घड्याळं एक तास पुढं करतात) जर्मनी आणि फ्रान्स आपल्या साडेतीन तास मागं असतात. आम्ही तिकडच्या सकाळी आठला बेकरीत बसायचो, तेव्हा गावी साडेअकरा झालेले असायचे. भाऊ वावरातून परतलेला, आईचं जेवण व्हायचं असायचं. दुसरी वेळ दुपारी तीनची, म्हणजे गावची संध्याकाळ साडेसहा. त्यानंतर बोलायचं ठरवलं तर म्हातारी माणसं झोपून जातात.

आणि फोन लागलाच नाही तर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा. रेंज आली की तो आपोआप पोचतो. आईला लिहिता-वाचता कमी येतं, पण तिनं दाबून बोलायचं शिकून घेतलं आणि आम्हाला रोज सकाळी तिचा निरोप मिळायचा. भाऊ संत्र्याच्या आंबिया बहाराच्या फळगळीचे फोटो रात्री पाठवून ठेवायचा. पावसाची झड लागली होती, झाडाखाली हिरव्या फळांचा सडा. ते फोटो मी माइन्झच्या बेकरीत उघडले, मोठे करून देठाकडचा भाग बघितला आणि कृषी सहायकाला तिथूनच पुढं पाठवले. फवारणीचा निर्णय त्याच दिवशी झाला. घर इतकं लांब असताना बागेची काळजी वाहता आली याचं मला फार समाधान आहे.

पोळ्याच्या दिवशी आम्ही कोलोनला होतो. गावात पोळा संध्याकाळी पाचच्या सुमारास भरतो, म्हणजे तिकडं दुपारी दीड. मोठ्या चर्चसमोरच्या चौकात शहराचं फुकट वायफाय आहे, पण गर्दीत ते अडखळत होतं. मग जवळच्या कॅफेत गेलो, पासवर्ड घेतला आणि बाहेरचं भिंतीला लागून असलेलं टेबल धरलं. युरोपात कॅफेच्या आत स्पीकरवर बोललेलं लोकांना खपत नाही, आणि फार दूर बसलं तर वायफाय सुटतं, त्यामुळं बाहेरचं भिंतीलगतचं टेबल सगळ्यात उत्तम. मुलीनं एक इअरफोन आपल्या कानात, दुसरा माझ्या कानात घातला. भावानं फोन उंच धरला. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली ओळीनं जोड्या, आमच्या जोडीच्या शिंगांना बेगड आणि पाठीवर आईनं शिवलेली झूल. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या आणि ‘हर बोला’चा गजर उठला तसा आवाज फाटून आला. मुलगी चार वर्षांनी पोळा बघत होती. मग आईनं फोन जवळ घेतला आणि म्हणाली, “पोरगी वाळून गेली ना रे. जेवते का नाही थे?” मुलीनं समोरची केकची बशी कॅमेऱ्यापुढं धरली. “थे काय जेवण झालं काय बाप्पा!” आई म्हणाली. तेवढ्यात गावची लाईन गेली. अशा सणाच्या कॉलसाठी आधी अर्धा तास जाऊन वायफाय तपासून ठेवा, फोन पूर्ण चार्ज ठेवा. आपला दोन गोल पिनांचा बारीक प्लग जर्मनी-फ्रान्सच्या सॉकेटमध्ये बसतो, वेगळा अडॅप्टर लागत नाही. तीन पिनांच्याला लागतो.

पॅरिसला फ्रँकफर्टहून थेट गाडी आहे, साधारण चार तास. तिथं वायफायची चणचण जर्मनीपेक्षा कमी भासली. शहराच्या बागांत, ग्रंथालयांत, संग्रहालयांत नगरपालिकेचं ‘पॅरिस वाय-फाय’ आहे. एका वेळी दोन तास चालतं, मग पुन्हा जोडायचं. बाग बंद झाली की तेही संपलं. कॅफेत बसायचं तर एक ध्यानात ठेवा : तीच कॉफी काउंटरला उभं राहून स्वस्त, टेबलावर महाग, रस्त्याकडेच्या खुर्चीवर बहुधा आणखी महाग. पाच मिनिटांचा निरोप असेल तर उभ्यानं प्या. जेवायला बसलात तर नळाच्या पाण्याची सुरई फुकट मिळते, ‘काराफ दो’ म्हणा. बाटली मागवली तर पैसे.

सुरक्षेचं थोडक्यात. आता बँकांची ॲप आणि बहुतेक साइट स्वतःच कुलूपबंद असतात, तरी उघड्या वायफायवर पैशाचे व्यवहार मी केले नाहीत, मुलीच्या खोलीवर आल्यावर केले. खरी भीती नकली वायफायची आहे. कॅफेच्याच नावाचं दुसरं नेटवर्क कुणीही उभं करू शकतं. दोन सारखी नावं दिसली तर काउंटरवर विचारा. फुकट वायफायच्या पानावर कार्ड नंबर किंवा पासपोर्टचा फोटो मागितला तर तिथून उठा. आपोआप जोडण्याची सोय बंद ठेवा आणि निघताना ते नेटवर्क ‘फरगेट’ करा.

ज्यांना एवढं जमणार नाही, किंवा सोबत आजारी माणूस आहे, त्यांनी सरळ सिम घ्यावं. जर्मनीत २०१७ पासून प्रीपेड सिम सुरू करायला पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते. सुपरमार्केटातलं पाकीट घेतलं तर बहुधा व्हिडिओ कॉलवर पटवतात, आणि त्यासाठीही पहिल्या दिवशी वायफाय लागतंच. त्यापेक्षा दुकानात बसून सुरू करून घ्या. युरोपियन युनियनमधल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशातही जादा रोमिंगविना चालतं, म्हणून जर्मनीचं पॅरिसला चालेल. स्वित्झर्लंड त्यात येत नाही, तिकडं जाताना डेटा बंद करा.

शारजा किंवा दुबईमार्गे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे निरोप जातात, पण व्हॉट्सॲपवरून कॉल सहसा लागत नाही, तिथं तो अडवलेला आहे. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की तिथून फक्त निरोप येईल, नाहीतर फोन लागत नाही म्हणून सगळं घर घाबरतं. आणि दिवाळीच्या सुमारास जाणार असाल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागं जातात. अंतर साडेचार तासांचं होतं, म्हणजे गावच्या संध्याकाळी साडेसहाच्या फोनसाठी तुम्हाला कॅफेत दुपारी दोनलाच बसावं लागेल.