काकू, खासदाराला लिहून काही होतं का?

‘काकू, खासदाराला लिहून खरंच काही होतं का हो?’ अर्ज लिहून घ्यायला आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस उठता उठता हे विचारतो. माझी नोकरी सरकारी पत्रव्यवहारात गेली, त्यामुळे निवृत्तीनंतर इंदूरच्या राजेंद्रनगरातले आणि आसपासचे लोक कागद घेऊन येतात. एरवी मी ‘बघू या’ म्हणून वेळ मारून नेते. तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट सांगते. होतं. पण आपण मागतो ते बहुतेक वेळा खासदाराच्या हातात नसतं, आणि त्याच्या हातात असतं ते मागायला फारसं कोणी जात नाही.

नळाला पाणी नाही, ड्रेनेज तुंबलंय, घराचा नकाशा मंजूर होत नाही, हे सगळं महापालिकेचं. त्यासाठी पार्षद, म्हणजे नगरसेवक आहे. पोलीस ठाणं, जमिनीचे दाखले हे राज्याचं. त्यासाठी आमदार आहे. खासदाराची हद्द रेल्वे, टपाल, पासपोर्ट, बँका, विमानतळ, भविष्यनिर्वाह निधी इथून सुरू होते. शाळेत नागरिकशास्त्रात हे सगळं पाठ केलेलं असतं, पण लग्नाच्या पंगतीत खासदार दिसले की माणूस गटाराचंच सांगतो! त्यात महूची मंडळी येतात, त्यांना तर उलट्या पावली परत पाठवावं लागतं. महू इंदूर जिल्ह्यात असलं तरी लोकसभेसाठी धार मतदारसंघात मोडतं.

हुकुमचंद मिल या कापडगिरणीचं उदाहरण इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. 1991च्या डिसेंबरात मिल बंद पडली. इंदूरच्या निवडणुकीत त्यानंतर गिरणी कामगारांच्या थकबाकीचा विषय निघाला नाही असं कधी झालं नाही. पैसे मिळाले ते 2023च्या डिसेंबरात, सुमारे 4,800 कामगारांचे 224 कोटी. तेही उच्च न्यायालय, महापालिका, राज्य सरकार आणि गृहनिर्माण मंडळ यांच्यात जमिनीचा तिढा सुटल्यावर. 1962 साली होमी दाजींसारखा गिरणी कामगारांचा पुढारी याच शहराने लोकसभेत पाठवला होता, म्हणजे कामगारांचं म्हणणं दिल्लीत मांडायची परंपरा इथे होती. पण कुलूप काढायची किल्ली दिल्लीत नव्हती. तो राग खासदारांवर काढणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. मला तो अर्धाच पटतो.

खासदार निधीबद्दल थोडक्यात. वर्षाला पाच कोटी ऐकलं की लोकांना वाटतं, खासदारांच्या खिशातच आहेत. ते फक्त काम सुचवतात. मंजुरी, निविदा, देयकं सगळं जिल्हा प्रशासनाकडे. इंदूरसारख्या शहराला पाच कोटी म्हणजे किती, हा हिशेब तुम्हीच करा. बसथांब्यावरच्या नावाच्या पाट्या मात्र त्या मानाने फार मोठ्या असतात.

आता हातात काय असतं ते. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रश्न. भाषण नव्हे, प्रश्न. लोकसभेत खासदार कोणत्याही केंद्रीय मंत्र्याला लेखी प्रश्न टाकू शकतो. पूर्ण पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, प्रश्न दीडशे शब्दांच्या आत बसवावा लागतो, आणि त्यात मत, आरोप, उपरोध चालत नाही. (इंदुरी माणसाला उपरोधाशिवाय लिहायला सांगणं ही शिक्षाच आहे.) एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित प्रश्न निघतात, ज्यांची उत्तरं मंत्र्याने उभं राहून द्यायची, त्यातले चार-पाचच प्रत्यक्ष होतात. बाकी 230 अतारांकित, त्यांची उत्तरं लेखी. लोकांना तारांकितचं अप्रूप, कारण ते टीव्हीवर दिसतं. मला अतारांकितच आवडतात. त्यांत आकडे येतात, तारखा येतात, आणि ते उत्तर संसदेच्या कागदपत्रांत कायमचं राहतं. संकेतस्थळावर जाऊन कोणीही काढून वाचावं.

आणि त्यातली खरी गंमत पुढे आहे. मंत्र्याने ‘विषय विचाराधीन आहे’ किंवा ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं म्हटलं की आपण म्हणतो, झालं, टोलवलं. पण संसदेच्या हिशेबात अशी वाक्यं आश्वासन म्हणून धरली जातात. 1953पासून लोकसभेत सरकारी आश्वासनांची एक समिती आहे. ती असली वाक्यं वेचून मंत्रालयाच्या मागे लागते. तीन महिन्यांत पूर्तता करा किंवा मुदत मागून घ्या. मुदती वाढत जातात हेही खरं, पण फाइल बंद होत नाही. कचेरीत जन्म गेलेल्या बाईला विचारा, उघडी राहिलेली फाइल ही काय चीज असते!

सुमित्राताई महाजनांचं नाव निघणारच. चिपळूणची मुलगी, इंदूरची सून, 1989 साली प्रकाशचंद्र सेठींसारख्या माजी मुख्यमंत्र्यांना हरवून गेल्या आणि 2019पर्यंत सलग आठ वेळा निवडून आल्या. आपल्या मराठी घरांत त्यांचा अभिमान आहे, माझ्याही. पण एक गोष्ट कोणी बोलत नाही. 2014 ते 2019 त्या लोकसभेच्या अध्यक्ष होत्या, आणि अध्यक्षांना सभागृहात प्रश्न विचारता येत नाही, मुद्दा मांडता येत नाही. मतही फक्त समसमान झालं तर. त्याआधी वाजपेयी सरकारात त्या राज्यमंत्री होत्या, आणि मंत्री उत्तरं देतात, विचारत नाहीत. म्हणजे इंदूरचा मान जितका वर गेला, तितका सभागृहातला इंदूरचा आवाज गप्प झाला. अध्यक्षांच्या फोनला मंत्रालयात वजन असतं, ते नाकारत नाही. पण फोनची नोंद तुम्हा-आम्हाला वाचता येत नाही.

मनमाड रेल्वेचंच बघा. पुण्याला जायचं तर आजही आपली गाडी रतलाम, वडोदरा, सुरत असा गुजरातचा फेरा घेऊन जाते. इंदूर-मनमाड नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली ती 2024च्या सप्टेंबरात: 309 किलोमीटर, 18,036 कोटी रुपये, दोन राज्यांतले सहा जिल्हे. एवढी मोठी मागणी एका खासदाराच्या एका पत्राने पूर्ण होत नाही. धुळे, नाशिक, बडवानी, धार सगळ्यांनी वर्षानुवर्षं रेटलेली ती आहे. आणि मंजुरी म्हणजे गाडी नव्हे. इंदूर-दाहोद रेल्वेमार्गाचं भूमिपूजन 2008 साली झाबुआत पंतप्रधानांच्या हस्ते झालं होतं, हे विसरू नका. म्हणूनच आता दर अधिवेशनात कोणीतरी विचारत राहायला हवं की किती जमीन ताब्यात आली, किती पैसे खर्च झाले.

कायदा करण्याबद्दल लोक कमी विचारतात. खासदाराला स्वतःचं खासगी विधेयक मांडता येतं. त्यासाठी शुक्रवारी दुपारचे अडीच तास राखून ठेवलेले असतात. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त चौदा विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 साली. शुक्रवारी दुपारी निम्मे सदस्य आपापल्या गावाकडे निघालेले असतात, कारण शनिवारी तिथे आपण गटाराचे कागद घेऊन बसलेलो असतो. सरकारी विधेयकावर पक्षाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश. 1985च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप मोडला तर खासदारकी जाऊ शकते. पण प्रश्नाला व्हिप लागत नाही, संसदेच्या स्थायी समितीत सूचना द्यायलाही नाही. विधेयक समितीकडे गेलं की पुष्कळदा जनतेकडूनही लेखी सूचना मागवतात. माझ्याकडे त्यासाठी कागद लिहून घ्यायला अजून एकही माणूस आलेला नाही.

‘आम्ही तर नोटा दाबला, आमचा कसला खासदार?’ असंही ऐकते. 2024ला इंदूरमध्ये 2,18,674 जणांनी नोटा, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’चं बटण दाबलं, काँग्रेसच्या उमेदवाराने माघार घेतल्यावर. तरी खासदार त्यांचेही तेच. पत्रावर मत कोणाला दिलं हे लिहायचं नसतं.

परवा एक शेजारी काका आले. खासगी कारखान्यातून निवृत्त, ईपीएस-95 म्हणजे भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतलं पेन्शन. किमान पेन्शन 2014च्या सप्टेंबरात हजार रुपये ठरलं, ते वाढवा म्हणून त्यांना लिहायचं होतं. ही मागणी सभागृहात पुष्कळांनी मांडली आहे, आणखी एक विनवणी करून काय होणार? मी त्यांना म्हटलं, काका, मागणी खाली लिहू, वर प्रश्न लिहू: भविष्यनिर्वाह निधीच्या इंदूरच्या विभागीय कार्यालयात हजार रुपयांच्या आसपास पेन्शन घेणारे किती, किती दावे प्रलंबित, किती काळापासून, ते निकाली काढायला मंत्रालयाने काय केलं. चार ओळी, उपरोध नाही. सोबत पेन्शनच्या कागदाची प्रत जोडली. पुढच्या अधिवेशनाच्या निदान महिनाभर आधी पत्र दिल्लीच्या आणि इंदूरच्या दोन्ही पत्त्यांवर जाईल, कारण पंधरा दिवसांची सूचना आणि वर खासदारांच्या कार्यालयातली दिरंगाई, दोन्ही धरावी लागते. पोचपावती मात्र काकांनी स्वतः जपून ठेवायची आहे.