झेरॉक्सच्या दुकानात मावळलेला सूर्य

भाचीच्या शाळेच्या प्रोजेक्टला फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय' हे चित्र हवं होतं. कलर प्रिंट 20 रुपये, साधी 2. मी 18 रुपये वाचवले आणि सूर्य घालवून बसलो.

कागदावर धुकं होतं, होड्या होत्या, मागे डोलकाठ्या आणि धुरांडी. सूर्याच्या जागी मात्र नुसतं आभाळ. "डार्क करून देऊ का?" दुकानदाराने विचारलं. डार्क केल्यावर पुढची होडी काळीकुट्ट झाली, सूर्य काही उगवला नाही.

यात त्याच्या मशिनचा दोष नाही. चित्रातला नारिंगी सूर्य भोवतालच्या राखाडी आभाळाइतकाच उजळ आहे, हे हार्वर्ड विद्यापीठातल्या मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी दाखवून दिलंय. खरा सूर्य आभाळाला कुठल्या कुठे मागे टाकतो. मोनेने त्याला फक्त वेगळा रंग दिला. आपल्या मेंदूत उजेडातला फरक टिपणारी एक यंत्रणा असते. वस्तू नेमकी कुठे आहे, हलते की नाही, हे तीच सांगते, पण रंगाच्या बाबतीत ती जवळपास आंधळी. रंग ओळखणारी दुसरी. रंगवाली म्हणते सूर्य आहे, उजेडवाली म्हणते कुठाय? या दोघी जावांचं पटत नाही, म्हणून तो ठिपका जागच्या जागी थरथरतो. त्या चित्रासमोर 'उजाडलं की नाही' अशी जी हुरहुर लागते, ती बहुतेक इथूनच येते.

चित्र 1872 चं, फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराचं. 1874 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लुई लरुआ या टीकाकाराने त्याची टर उडवली: भिंतीला लावायचा कच्चा कागदसुद्धा याहून पुरा असतो म्हणे! त्याच थट्टेतून एका अख्ख्या चित्रशैलीला नाव मिळालं, 'इम्प्रेशनिझम'.

मला मात्र लहानपणी तो मावळतीचाच सूर्य वाटायचा. आम्ही रत्नागिरीचे, आमच्याकडे सूर्य उगवतो डोंगरामागून, समुद्रात तो फक्त बुडतो. गंमत म्हणजे ल हाव्रचा समुद्रही पश्चिमेलाच. मोनेने हॉटेलच्या खिडकीतून बघितलं ते उलट बाजूला, आग्नेयेकडे, बंदराच्या आतल्या पाण्यावर.

शेवटी 20 रुपये मोजून कलर प्रिंट आणली. भाचीने ती चिकटवली आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सूर्यास्त'.